सोडत न्हाईत

आमच्या ऑफिसात सगळेच ताई नाहीतर दादा. संस्था ज्यांनी उभी केली त्या मोठ्या ताई, काल-परवा कामाला लागलेली मुलगी छोट्या ताई, आणि भेटीला आलेला एखादा साहेबही दुसऱ्या खेपेला दादा होऊन जातो. गावोगावच्या तरुण मुलामुलींचे गट बांधायचे, आपल्या गावचा प्रश्न त्यांनी स्वतः शोधावा, अर्ज लिहावा, साहेबासमोर उभं राहून न अडखळता बोलावं, एवढ्यासाठी आमची धडपड. कोल्हापूरला राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या तीन खोल्या आहेत. दुपारी गिरणी सुरू झाली की प्रशिक्षणातला 'स्वतःचा आवाज ओळखा' हा भाग ओरडून घ्यावा लागतो.

माझं काम लिहिण्याचं. गावातून रेकॉर्डिंग येतं, मी कानाला हेडफोन लावून ते ऐकते, कागदावर उतरवते आणि त्यातून गोष्ट तयार करते. आमच्याकडं तिला केस स्टोरी म्हणतात. तिचा एक छापील तक्ता आहे, तीन रकान्यांचा : अडथळा, संघर्ष, बदल. तिन्ही रकाने भरले की गोष्ट झाली. मला माणसांत मिसळणं कधी फारसं जमलं नाही, म्हणून हे काम मला मानवलं. कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही माझ्याकडंच असे. कागदावर लिहिलेलं असलं की मला बोलता येतं, आणि माझी भाषा शुद्ध आहे असं सगळे म्हणत.

त्या शुद्ध भाषेचा मला अभिमान होता हे आधीच सांगून टाकते. आमच्या भागातल्या मुली 'मी गेलो, मी आलो' असं मुलग्यांसारखं बोलतात. शिबिरात मी ते हळूच 'गेले, आले' करून घेत असे. त्या हसायच्या आणि जेवणाच्या रांगेत पुन्हा 'मी आधी आलोय' म्हणून भांडायच्या.

ज्या मुलीबद्दल मला लिहायचं आहे ती शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातली. तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. त्यांच्या गावात सकाळची एसटी येत नसे. गाडी धरायची तर तीन किलोमीटरवरचा फाटा गाठावा लागे, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी ऊस उभा असलेला. थंडीत पहाटेच्या अंधारात त्या रस्त्यानं एकटी मुलगी कोण जाणार? गावातल्या मुलींच्या गटानं हाच प्रश्न घेतला होता आणि ही मुलगी गटाची प्रमुख होती. आमचे कुरुंदवाडचे दादा त्या भागाचं काम बघत. त्यांच्या वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान, सगळा तालुका त्यांच्या ओळखीचा. रोज्याच्या महिन्यातही हा माणूस भर उन्हात मोटरसायकलवरून पाच-पाच गावं करायचा. तिचं रेकॉर्डिंग त्यांनीच आणलं होतं.

त्यात तिचं एक वाक्य होतं. मी ते तेव्हा दोनदा ऐकलं, नंतर किती वेळा ऐकलं त्याला सुमार नाही.

"हंगाम सुरू झाला की आप्पा मला सोडत न्हाईत. मग माझं कॉलेज बुडतंय."

मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती. मी लिहिलं : 'ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की वडील मला कॉलेजला जाऊ देत नाहीत. घर आणि जनावरं मलाच बघावी लागतात.'

दुसरं वाक्य तिनं म्हटलंच नव्हतं. पहिलं एकटं पडू नये म्हणून ते मी घातलं. हंगामात घराघरात काम वाढतं, जनावरांना उसाचे शेंडे आणायचे असतात, मुलींना घरी ठेवून घेतात, हे सगळं मला ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट सांगते, पण सबब म्हणून नाही. माझ्या वडिलांनी मला शिकायला पुण्याला सोडलं नव्हतं. 'सोडत नाहीत' या शब्दाचा माझ्या कानाला तो एकच अर्थ माहीत होता.

इथवर ती चूक होती. माणसाकडून होते तसली.

छापायच्या आधीचा कच्चा कागद मी दादांना वाचायला दिला. ते खिडकीशी उभे राहून वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"ताई, हे न्हाय जमलं. सोडत न्हाईत म्हंजे गाडीवरनं फाट्यापतूर सोडत न्हाईत. हंगामात कारखान्यावर रात्रपाळी असती त्यांची. सकाळी आठाला सुटत्यात आणि हिची गाडी सातची. एरवी रोज सोडत्यात की पोरीला. ऊन न्हाई, पाऊस न्हाई."

मी म्हटलं, बरं, दुरुस्त करते. त्यांच्यासमोरच त्या ओळीभोवती पेन्सिलीनं गोल काढला. ते चहा प्यायला खाली गेले. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, गोल जरा पुसट झालाय.

मी दुरुस्त केलं नाही.

विसरले असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. विसरले नव्हते. त्या दुपारी मी ती ओळ खोडून बघितली होती. वडील खोडले तर अडथळ्याच्या रकान्यात काय उरत होतं? एक न येणारी गाडी आणि एक रात्रपाळी. मग संघर्ष कुणाशी लिहायचा, कारखान्याच्या भोंग्याशी? सोमवारच्या बैठकीत मोठ्या ताईंनी ती गोष्ट वाचली होती आणि वाचताना त्यांचा गळा दाटून आला होता. संस्थेच्या नव्या पुस्तिकेत हीच गोष्ट पहिल्या पानावर घ्यायची असं तिथंच ठरलं. माझ्या लिहिण्यानं कुणाचा गळा दाटून आलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी खोडलेली ओळ पुन्हा टाइप केली. शेवटी कंसात 'नाव बदलले आहे' असं लिहिलं, म्हणजे माझी जबाबदारी पार पडली. नाव बदललं की कुणाला काही लागत नाही असा आमच्या ऑफिसात एक समज आहे.

गंमत अशी की नाव बदललं, पण गावाचा उल्लेख तसाच ठेवला, गटासमोर उभं राहून बोलतानाचा तिचा फोटो छापला, आणि पुस्तिकेच्या प्रकाशनाला तिलाच स्टेजवर बोलावलं. हे सगळं करताना आमच्यातल्या एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

कार्यक्रम कोल्हापुरात एका सभागृहात होता. वेगवेगळ्या तालुक्यांतले गट आले होते, दोन-तीन खात्यांचे अधिकारी होते. पुस्तिकांचे गठ्ठे सकाळीच प्रेसमधून आले होते, त्यामुळं कुणी त्या उघडूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या. दादा खाली गेटवर मुलांना उतरवून घेत होते. त्या मुलीला तिचे आप्पा मोटरसायकलवरून घेऊन आले. हंगामाचे दिवस. रात्रपाळी करून, तसेच न झोपता आले होते. धुतलेला पांढरा सदरा, डोळे लाल. मुलगी स्टेजवर बोलणार म्हणून हट्टानं आले, असं तिनंच मला पायऱ्यांवर सांगितलं. तिच्या हातात चार ओळींचं भाषण होतं. "ताई, 'जातो'चं 'जाते' केलंय बघा," असंही म्हणाली.

माइक माझ्याकडं होता. मोठ्या ताईंनी पुस्तिकेचं प्रकाशन झाल्यावर पहिलं पान वाचायला घेतलं. त्या फार सुंदर वाचतात. 'वडील मला कॉलेजला जाऊ देत नाहीत' या वाक्यानंतर त्या थांबल्या. आणि मग त्यांनी हात करून म्हटलं, ही आपली लेक, आज आपल्यात आहे, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे तिचे वडीलही आलेत.

सगळ्या माना मागं वळल्या. आप्पा शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. ते अर्धवट उठले. आपल्याला नमस्कार करायला बोलावलंय असं त्यांना आधी वाटलं असावं, कारण ते हात जोडून हसत होते.

स्टेजवरचे एक अधिकारी, मनानं चांगला माणूस, समोरच्या माइकवर वाकून म्हणाले, "काका, पोरगी हुशार आहे. तिला शिकू द्या. अडवू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले, हसू गेलं.

मुलगी तोवर स्टेजवर माझ्या शेजारी येऊन उभी होती. तिनं माझ्या हातातला माइक धरला नाही. माझ्याकडं बघून अगदी हळू, मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, मी असं म्हटलं न्हवतं."

एक वाक्य बोलायचं होतं. माइक सुरू होता, माझ्या तोंडापासून वीतभर लांब. छपाईत चूक झाली आहे, तिचे वडील तिला रोज फाट्यापर्यंत सोडतात, क्षमस्व. एवढंच. हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा म्हटलंय, भांडी घासताना, रिक्षात, की ते आता मला पाठ आहे.

मी माइकमध्ये म्हटलं, "ती थोडी भावुक झाली आहे. तिच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत."

झाल्या. ती कागद घडी करून खाली उतरली. मी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

जेवणाच्या वेळी त्या दोघांनी मला व्हरांड्यात गाठलं. आप्पांच्या हातात पुस्तिका होती, पहिल्या पानात बोट घातलेलं. रागावलेले नव्हते, ते मला जास्त जड गेलं. त्यांनी विचारलं, "ताई, मी कवा सोडलं न्हाय पोरीला?"

इथं मी काय बोलले ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मोठ्या ताईंना नाही, दादांना नाही, घरी नवऱ्यालाही नाही. मी म्हटलं की रेकॉर्डिंग नीट ऐकू येत नव्हतं. आणि मग तिच्याकडं वळून, समजुतीच्या सुरात, "तुझं बोलणं जरा गावाकडचं आहे ना, त्यामुळं अर्थाचा घोटाळा झाला. पुढच्या वेळी जरा स्पष्ट बोलत जा."

आप्पा लगेच म्हणाले, "व्हय व्हय. आमचं बोलणं तसलंच." आणि तुम्ही जेवलासा का, म्हणून विचारलं. मुलगी खाली फरशीकडं बघत होती. मी, ज्या संस्थेत मुलींना बोलायला शिकवतात तिथली, तिला सांगत होते की चूक तुझ्या बोलण्याची आहे. आणि ती ते खरं मानत होती, कारण मी ताई होते.

गावात सकाळची एसटी सुरू झाली. लवकरच झाली. त्या गोष्टीमुळं झाली की मुलींनी चालवलेल्या पाठपुराव्यामुळं, सांगता येत नाही, पण अहवालात आम्ही गोष्टीमुळं असं लिहिलं. पहिल्या दिवशी गावानं गाडीला हार घातला, नारळ फोडला. मी गेले नाही. दादा जाऊन आले आणि संध्याकाळी माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. गावात पुस्तिकेच्या पंचवीस प्रती वाटल्या होत्या. चहाच्या गाड्यावर लोक आप्पांना चिडवत होते, "काय आप्पा, आज सोडलीसा व्हय पोरगी?" आप्पा हसून घालवत होते. मुलगी गटाच्या बैठकीला यायची बंद झाली होती.

हे सगळं सांगून झाल्यावर दादा म्हणाले, "तुमी दुरुस्त केलं न्हाई."

मी म्हटलं, राहून गेलं.

"राहून गेलं व्हय," एवढंच म्हणाले आणि उठले. त्या दिवसापासून त्यांनी मला एकही रेकॉर्डिंग दिलेलं नाही. स्वतः ऐकतात, स्वतः लिहून आणतात, त्यांच्या तिरक्या अक्षरात, न्हायसकट. मी फक्त टाइप करते. आम्ही एकमेकांना चहा देतो, सणाला एकमेकांच्या घरी जातो, त्यांच्या घरचा शिरखुर्मा आणि माझ्या घरची करंजी. या विषयावर बोलत नाही.

सात वर्षं गेली. यंदा संस्थेनं निवडक गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि पहिली गोष्ट अर्थातच तीच. पानं माझ्यासमोर आली. मी मोठ्या ताईंकडं गेले आणि म्हटलं की यात एक वाक्य चुकीचं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, दुरुस्त करून टाका, इतक्या वर्षांनी कुणाच्या लक्षात येणार आहे, आणि तुम्ही काही मुद्दाम थोडंच केलं होतं. मी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, मलाच कळलं नाही.

दादा शेजारच्या टेबलावर होते. वर न बघता म्हणाले, "नव्यानं छापायचं तर परवानगी लागती. ह्या खेपेला तुमी जावा."

मी गेले. दुपारच्या गाडीनं फाट्यावर उतरले आणि चालत गावात. रस्त्याला ऊस तसाच. घरी आप्पा होते, आता कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको. मुलगी इचलकरंजीत शाळेत शिकवते. मी कशाला आले ते सांगितलं. आप्पा आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती पुस्तिका घेऊन आले. लेकीचा फोटो आहे म्हणून जपून ठेवली होती.

पहिलं पान उघडलं. माझ्या त्या दोन ओळी निळ्या पेनानं खोडल्या होत्या, पट्टी धरून, नीट. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'हंगामात वडिलांची रात्रपाळी असते, त्यामुळे ते मला फाट्यापर्यंत सोडायला येऊ शकत नाहीत.'

"घरोघर फिरली पेन घिऊन," तिची आई म्हणाली. "पंचवीसच्या पंचवीस. एक बाई देईना, म्हंती फोटू खराब हुईल. तिच्या दारात बसून ऱ्हायली दोन तास."

माझं काम तिनं केलं होतं. प्रूफ तपासलं होतं.

मग आप्पा हसत सांगायला लागले की लेक आता पुस्तकावानी बोलते. शाळेत बोलते ते ठीक, घरात बी. आईला म्हणते, आई, मला पाणी देतेस का. बायको पदरात तोंड घालून हसली. "आमी हसलो की गप बसती," आप्पा म्हणाले. "कवा कवा म्हणती, आप्पा, माझं बोलणं अडाणी हुतं म्हणून तुमचं नाव खराब झालं. आता मी काय बोलणार त्यावर."

चहा माझ्या हातात होता. तो मी पूर्ण प्यायले, कारण खाली ठेवला असता तर कपाचा आवाज झाला असता.

निघताना कळलं की दुपारनंतर गावातून गाडी नाही, सकाळचीच तेवढी टिकली आहे. आप्पांनी किल्ली घेतली. "चला, सोडतो फाट्यापतूर." मी नको म्हणू शकले नाही. त्यांच्या मागं बसून गेले, ज्या सीटवर ती वर्षानुवर्षं बसली होती. वाटेत वाऱ्यात बोलता येत नाही हे बरं वाटलं. फाट्यावर उतरले आणि त्यांनी गाडी वळवायच्या आत म्हटलं की आप्पा, थांबा.

मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकण्यात घोटाळा नव्हता. दादांनी छापायच्या आधी मला सांगितलं होतं. मला माहीत होतं, तरी मी तसंच ठेवलं. व्हरांड्यात मी तिच्या बोलण्याला नाव ठेवलं ते खोटं होतं.

त्यांनी इंजिन बंद केलं. उसाची एक ट्रॉली धूळ उडवत गेली. ते मला शिव्या देतील तर बरं, असं मला वाटत होतं.

"मला काय सांगताय," ते म्हणाले. "तिला सांगा." त्यांनी नंबर सांगितला, मी मोबाइलमध्ये लिहून घेतला. माझ्याकडं न बघता किक मारली आणि गेले.

फाट्यावर निवाऱ्यात कुणी नव्हतं. मी फोन लावला. तिनं स्वच्छ, तोललेल्या आवाजात विचारलं, कोण बोलतंय? मी सांगितलं. "हो ताई, बोला ना. कशा आहात?" प्रत्येक शब्द जागच्या जागी. माझाच आवाज मला परत ऐकू येत असल्यासारखं झालं.

मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी समोर कागद नव्हता, त्यामुळं वाकडंतिकडं सांगितलं, मधेच थांबले. ती ऐकत होती. मागं शाळेची घंटा झाली, मुलांचा गलका झाला आणि विरला. तिनं एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे दादांना माझं बोलणं कळलं होतं?"

"हो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच."

मग ती म्हणाली, मला उद्देशून नसावं ते, "मग मी नीटच बोललो हुतो की."

पुस्तकासाठी परवानगी विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनंच विषय काढला. तिची गोष्ट आता छापू नका म्हणाली, दुरुस्त करूनही नको. मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक सांगितलं, आणि ते मात्र स्पष्ट, शिक्षिकेनं गृहपाठ द्यावा तसं : "लिहायचंच असेल तर तुम्ही काय केलं ते लिहा. माझं राहू द्या."

पहिलं पान रिकामं झालंय. मोठ्या ताईंनी कारण विचारलंय. उद्या सकाळी त्यांच्या टेबलावर हे कागद ठेवणार आहे, आणि त्यांच्यावर तो पेन्सिलीच्या गोलाचा कागद. टाइप करायच्या आधी दादांना वाचायला दिले होते. त्यांनी खिडकीशी उभं राहून वाचले आणि कुठंही न थांबता परत दिले.